लाल ट्रेपाशी उभी राहा

नाशिक, एप्रिल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ आहे. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष संपतंय, सहा आठवड्यांची इंटर्नशिप करायची आहे. सातपूरला एका मोठ्या कंपनीत ओळखीनं नंबर लागतोय आणि अंबडला चाळीस माणसांच्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, वर्कशॉपवालेही "या" म्हणतायत. कुठं जाऊ?

अंबडला जा.

मोठ्या कंपनीचं नाव सर्टिफिकेटवर शोभतं, ते मान्य. पण सहा आठवड्यांच्या पाहुण्याला तिथं बहुतेक वेळा पिवळ्या पट्टीच्या बाहेरून फिरवतात. सुरुवातीचे दिवस माहिती देण्यात जातात, मग दर आठवड्याला नवा विभाग, आणि कुठल्याच मशीनशी ओळख होत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. नियमच तसे असतात आणि तुझ्यामागं फिरायला कुणाला वेळ नसतो. सातपूर-अंबड चालतं ते मोठ्या गेटांच्या आसपास पसरलेल्या छोट्या व्हेंडरांवर. तिथं जॉब, म्हणजे मशीनवर घडणारा भाग, बिघडतो तो तुझ्यासमोर बिघडतो, आणि त्याचं काय करायचं हे ठरवणारा माणूस दहा फुटांवर बसलेला असतो. मात्र होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घे: जॉबचं ड्रॉइंग हातात मिळेल का, आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घेण्याचं साधन, वापरायला देतील का. दोन्हीला "बघू" असं उत्तर आलं तर तिसरी जागा शोध. पैसे घेऊन सर्टिफिकेट देणारेही भेटतील. त्यांच्या दारातूनच परत फीर.

येण्याची सोय आधी सांगतो. कळवणची एसटी वणी-दिंडोरीवरून पंचवटीच्या बाजूनं शहरात शिरते आणि अंबड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून पंचवटीत मावशीकडे राहून रोज ये-जा करण्याचा विचार सोड. सिडकोत कॉट बेसिसवर जागा बघ, तिथून अंबड जवळ पडतं. डिपॉझिट किती, मधेच सोडलं तर त्यातलं किती परत मिळणार आणि पाणी किती वाजता येतं, हे तिन्ही आधी विचार. मेसचे पैसे पहिल्या महिन्याचे एकदम भरू नकोस, आठवडाभर जेवून बघ. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपच्या गेटपर्यंत एकदा जाऊन ये, कारण एमआयडीसीतले प्लॉट नंबर पत्ता शोधणाऱ्याच्या सोयीनं लावलेले नसतात. साप्ताहिक सुट्टी रविवारचीच असेल असं धरू नकोस, विचारून घे. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कुठं आहे हे पहिल्याच दिवशी ऑफिसात बिनधास्त विचार. लाजून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मेच्या उन्हात दुसऱ्या आठवड्यात आजारी पडतात.

सेफ्टी शूज आयएसआय मार्कचे घे, आणि आत्ताच घे. नवे बूट घालून आठ तास उभं राहिलं की टाचा सोलतात, म्हणून आठवडाभर घरात वापरून ते सैल कर. कपडे सुती, अंगासरशी. ओढणी, बांगड्या, अंगठी, गळ्यातला दोरा घरी ठेव. केस बांधून टोपीच्या आत. फिरत्या मशीनपाशी हातमोजे घालू नकोस. हातमोजा फिरत्या जॉबमध्ये अडकला तर हात सोडत नाही, ओढून घेतो. चिप्स, म्हणजे कापताना निघणारे धातूचे तुकडे, ब्लेडसारख्या धारदार असतात, त्या आकड्यानं काढायच्या, बोटांनी नाही. हवेच्या पाइपनं अंगावरचे कपडे झटकणारे दिसतील, त्यांचं अनुकरण नको. मशीन चालू करणारं सायकल स्टार्टचं बटण ऑपरेटरच दाबणार, गमतीनं सांगितलं तरी तू नाही.

आता मुख्य गोष्ट. सहा आठवड्यांत मशीन चालवायला शिकता येत नाही आणि प्रोग्रामिंग तर नाहीच. एक गोष्ट मात्र मुळापासून शिकता येते: जॉब का बिघडतो. मशीनजवळ कुठं तरी लाल रंगाचा ट्रे असतो, त्यात रिजेक्ट झालेले जॉब पडतात. बहुतेक मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत. तू सहा आठवडे त्या ट्रेपाशीच उभी राहा. एक मशीन, एक जॉब, एक माप. बाकी सगळं येताजाता दिसेलच.

उदाहरणासाठी एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, धर. ड्रॉइंगवर एका व्यासापुढं २८ एच ७ लिहिलंय, एच लहान लिपीतला. लहान म्हणजे शाफ्टचं माप, मोठा असता तर भोकाचं. या आकाराला एच ७ म्हणजे शून्य ते उणे २१ मायक्रॉन, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे जॉब २८.००० आणि २७.९७९ यांच्यामध्ये बसला पाहिजे. हे आकडे पाठ कर, कारण पुढं सगळं यांच्यावरच फिरतं. व्यास वर गेला तर जॉब परत मशीनवर लावून आणखी कापता येतो, तो रिवर्क. खाली गेला तर लोखंड परत चिकटवता येत नाही, तो स्क्रॅप. म्हणून अनुभवी सेटर, म्हणजे मशीनला माप लावून देणारा, माप नेहमी जरा वरच्या बाजूला ठेवतो. तो घाबरतो असं समजू नकोस, त्याचा हिशेब पक्का असतो.

या मापासाठी व्हर्नियर चालत नाही. कॉलेजात हातात दिलेल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्ससाठी, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकासाठी, ते वापरणं म्हणजे सोनं भाजीच्या तागडीत तोलणं. साधन टॉलरन्सच्या निदान दहाव्या भागाइतकं बारीक वाचणारं हवं, म्हणजे इथं मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर. २८ मिमीसाठी तो २५ ते ५० चा लागेल. त्याच्या डब्यात २५ मिमीची सेटिंग रॉड असते, तिच्यावर रोज सकाळी शून्य तपास. कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख उलटून गेलेली नाही ना, तेही बघ. रॅचेट, म्हणजे मायक्रोमीटरच्या टोकाची फिरकी, सावकाश फिरव, दर वेळी सारखे दोन-तीन टिकटिक आवाज. मुठीत धरून आवळलंस तर मायक्रोमीटर तुझ्या ताकदीचं माप देईल.

पहिली चूक इथंच होते, आणि ती मेमध्ये जास्त होते. लोखंड तापलं की वाढतं: एक मीटरला एका अंशामागं साधारण साडेअकरा मायक्रॉन. मशीनमधून नुकताच काढलेला जॉब मायक्रोमीटरपेक्षा १५ अंश गरम असला तर २८ मिमीचा व्यास जवळपास ५ मायक्रॉन मोठा दिसतो. गरम असताना २७.९८२ वाचलं, ओके म्हणून खोक्यात टाकलं, निवल्यावर तो झाला २७.९७७, म्हणजे स्क्रॅप. ग्राहकाकडून पेटी परत येते आणि वर्कशॉपमध्ये सगळे शपथेवर सांगतात की आम्ही मोजलं होतं. मोजलं होतंच, पण गरम. यावर उपाय स्वस्त आहे: जॉब, सेटिंग रॉड आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर काही वेळ ठेवून एकाच तापमानाला आणायचे. एकच जॉब बाहेर काढल्या काढल्या, दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासानं मोज. तुझ्या रिपोर्टचं पहिलं उपयोगी पान तिथंच तयार होईल.

दुसरं कारण इन्सर्ट, म्हणजे कापणारा, बदलता येणारा छोटा पात्याचा तुकडा. बाहेरून कापताना इन्सर्टचं टोक झिजतं, कमी कापतं, आणि व्यास हळूहळू वाढत जातो. ऑपरेटर ते बघून वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायला मशीनला दिलेल्या दुरुस्तीत, उणे घालत राहतो: आधी ५ मायक्रॉन, मग आणखी ५. असे २० मायक्रॉन जमले की इन्सर्टची वेळ झाली म्हणून तो नवा कोपरा फिरवतो. सीएनएमजी १२०४०८ सारख्या इन्सर्टला असे चार कोपरे असतात, दोन वरच्या आणि दोन खालच्या बाजूला. आता टोक ताजं आहे, पण ऑफसेटमधले उणे २० तसेच राहिलेत. माप २७.९९० ला धरलं असेल तर पुढचा जॉब २७.९७० च्या आसपास येतो. लाल ट्रेमध्ये. बरोबर पद्धत अशी: कोपरा बदलला की वेअर ऑफसेट पुसायचा, वर मुद्दाम ०.१ मिमी जास्त ठेवून पहिला जॉब कापायचा, निवू देऊन मोजायचा, मग मापावर आणायचा. कोपऱ्याकोपऱ्यातही थोडा फरक असतो, म्हणून ऑफसेट नुसता पुसून थेट मापावर कापणं हाही जुगारच.

हे कारण ट्रेकडे नुसतं बघून कळत नाही, वहीत दिसतं. शाळेची दोनशे पानी वही घे, आडवी धर आणि रकाने आख: वेळ, कितवा जॉब, व्यास, ऑफसेट किती दिला, कोपरा बदलला का, मशीन मधे थांबलं होतं का. सलग पन्नास जॉब मोज, मधला एकही सोडू नकोस. निवडक पाच जॉब मोजून काढलेला आलेख दिसतो छान आणि सांगत काहीच नाही. तीन दिवसांत व्यास हळूहळू चढतोय, एकदम उतरतोय, पुन्हा चढतोय अशी करवतीच्या दातांसारखी रेघ दिसायला लागेल. छोट्या उतरणीवर ऑफसेट दिलेला असेल, मोठ्या उतरणीवर कोपरा बदललेला असेल. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन जॉबही वेगळे पडलेले दिसतील, कारण थांबलेलं मशीन थंड होतं आणि पुन्हा तापेपर्यंत त्याची मापं सरकत राहतात. सरकण्याची दिशा मशीनप्रमाणे बदलते, म्हणून ती अंदाजानं लिहू नकोस, मोजून लिही.

वहीत ऑपरेटरच्या नावाचा रकाना करू नकोस. फक्त मशीन नंबर आणि वेळ. नाव लिहितेस हे कळलं की चौथ्या दिवशी लाल ट्रे रिकामा दिसेल, आणि त्याचा अर्थ रिजेक्शन थांबलं असा नसेल. जॉब कुठं जातात हे नंतर कुणीच सांगणार नाही.

माणसांशी बोलण्याचाही वेळ असतो. ऑपरेटर पहिला जॉब मोजत असताना किंवा तासाचं टार्गेट मागं पडलेलं असताना "काका, हे काय आहे?" विचारलंस तर तुटक उत्तर येईल. सायकल चालू आहे, दार बंद आहे, तीन मिनिटं तो मोकळा उभा आहे, तेव्हा विचार. वयानं मोठे असतील त्यांना काका म्हण, बरोबरीच्यांना भाऊ किंवा दादा. सेटरला "हे असं का?" विचारण्यापेक्षा "हे असं नाही केलं तर काय होतं?" असं विचार. पहिल्याला "पद्धत आहे" एवढंच उत्तर मिळतं, दुसऱ्यावर तो तुला स्क्रॅपच्या ढिगातून जॉब काढून दाखवेल. चुकलीस तर लगेच सांग. मायक्रोमीटर हातून पडला आणि तू गुपचूप डब्यात ठेवलास, तर पुढचे दोनशे जॉब चुकीच्या मापानं तपासले जातील.

मोबाइल मशीनपाशी नेऊ नकोस. ड्रॉइंगचा फोटो तर अजिबात नको. ते ग्राहकाचं असतं आणि त्यावरून वर्कशॉपचं काम जाऊ शकतं. रिपोर्टमध्ये आकृती हवी असेल तर हातानं काढ, जॉबचं आणि ग्राहकाचं नाव गाळ, आणि छापण्याआधी मालकाला किंवा क्वालिटीच्या साहेबांना वाचायला दे.

रिपोर्टचं म्हणशील तर कंपनीचा इतिहास, संस्थापकांचा फोटो, मशीनच्या कॅटलॉगची पानं हे सगळं मिळून एक पान कर. तपासणाऱ्या मास्तरांनी ते ढिगानं वाचलेलं असतं. उरलेल्या पानांत तुझी करवतीची रेघ, गरम-थंड मापांचा तक्ता आणि ऑफसेट पुसण्याची पद्धत सुरू केल्यावरचे आणखी पन्नास जॉब. फरक पडला नाही तर तसंच लिही, आणि का पडला नाही याचा अंदाजही. पाचव्या आठवड्यातच लिहायला बस. सहावा आठवडा सह्या आणि शिक्के गोळा करण्यात जातो.

सर्टिफिकेट हातात घेतलंस की तिथंच उभी राहून वाच. नाव मार्कशीटवर आहे तसंच हवं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते हवं, विभाग, सही आणि गोल शिक्का हवा. एक अक्षर चुकलं तरी पुन्हा कळवणहून हेलपाटा. दोन मूळ प्रती माग, एक कॉलेजात जमा होते. वहीतल्या तक्त्याची झेरॉक्स काढ आणि निघण्याआधी ती त्या सेटरच्या हातात दे. मशीनच्या पॅनलवर चिकटवायची की नाही ते तो बघेल.

तुझा,
काका