श्वास घेताना नाडी पळते आणि सोडताना मंदावते, हे धोक्याचं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, तीन वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू, गेले दोन महिने रोज सकाळी अनुलोम-विलोम करता. परवा सहज मनगटावर बोटं ठेवली तर श्वास आत घेताना नाडी पळतेय आणि सोडताना रेंगाळतेय असं लक्षात आलं. हृदयात काही बिघाड आहे का, आणि श्वासामुळे रक्ताभिसरण सुधारतं म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बायपास झालेल्या किंवा हार्ट अटॅकमधून उठलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे गेली चौदा वर्षं माझं काम आहे. रोज बोटाखाली नाडी आणि समोर कुणाचा तरी श्वास, असाच माझा दिवस जातो. म्हणून लिहितेय.

आधी भीती घालवते. श्वासाबरोबर नाडीचं असं मागेपुढे होणं हा बिघाड नाही. लहान मुलांत आणि तरुण खेळाडूंत तर ते इतकं ठळक असतं की आई-वडील घाबरून ईसीजी काढायला घेऊन येतात. वय वाढतं तसं ते कमी होतं. पन्नाशीनंतरही बोटाला कळण्याइतकं असेल तर हृदय आणि मेंदू यांच्यातलं बोलणं नीट चालू आहे असं समजायला हरकत नाही. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ उमटवणारं यंत्र बनवलं आणि त्यावर १८४७ साली हाच चढउतार टिपला.

आता हे का होतं ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

इंजेक्शनच्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला की औषध आत खेचलं जातं. श्वास घेताना आपल्या छातीत तेच होतं. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा खाली सरकतो, साध्या श्वासात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आणि खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. फासळ्या उचलल्या जातात, छातीची पोकळी मोठी होते आणि तिथला दाब उतरतो. त्या ओढीने हवा फुप्फुसात शिरते, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तीच ओढ रक्तालाही लागते, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. हाता-पायांतून आणि डोक्याकडून परत येणारं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे खेचलं जातं. त्याच वेळी पडदा खाली आल्यामुळे पोटातला दाब वाढतो आणि पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. वरून ओढ आणि खालून रेटा. शिरांमध्ये रक्ताला स्वतःचा जोर जवळपास नसतोच, त्यामुळे या दुसऱ्या पंपाची हृदयाला मोठी मदत होते.

पण आत आलेलं रक्त लगेच डाव्या बाजूला पोचत नाही. फुगलेल्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या त्यातलं थोडं धरून ठेवतात, म्हणून श्वास घेताना क्षणभर डाव्या कप्प्याला रक्त कमी मिळतं आणि रक्तदाब किंचित उतरतो, काही मिलिमीटरच. (तो दहापेक्षा जास्त उतरत असेल तर आम्ही कान टवकारतो. जोराच्या दम्यात किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलं तर तसं होतं. पण तो माणूस तुमच्यासारखा बसून प्रश्न लिहीत नसतो, तो धापा टाकत असतो.) त्याच सुमारास मेंदूतलं श्वासाचं केंद्र व्हेगस नावाच्या नसेचा (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) लगाम थोडा सैल सोडतं. ही नस हृदयाला सतत ‘हळू, हळू’ म्हणत असते. लगाम सुटला की नाडी पळते, श्वास सोडताना तो पुन्हा आवळला जातो आणि नाडी संथ होते. परवा तुमच्या बोटांना जे जाणवलं ते हेच.

म्हणूनच श्वास सावकाश सोडला की बरं वाटतं. त्या वेळात व्हेगसचा हात हृदयावर जास्त वेळ राहतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि दर वेळी खोडून काढते. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात अजून किती ओतणार? आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि एक्स-रे, दाबमापक अशी साधनं घेऊन योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. प्राणायामात ऑक्सिजन किती घेतला जातो हेही १९३०च्या दशकात तिथे मोजलं गेलं. आपल्या परंपरेवर जीव असणाऱ्या माणसाने ती मोजून पाहायचं धाडस केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

फायदा आहे तो दुसरीकडे, श्वासाच्या गतीत. आपण एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सहावर आणला, म्हणजे एक पूर्ण श्वास दहा सेकंदांचा झाला, की एक छान गोष्ट घडते. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारी टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू नाडी उतरवतो. या व्यवस्थेचा स्वतःचा ठेकाही साधारण दहा सेकंदांचाच आहे. पाळण्याची दोरी नेमक्या वेळी ओढली तर थोड्या जोरात पाळणा मोठा झुलतो, भलत्या वेळी ओढली तर तो अडखळतो. सहाच्या गतीचा श्वास ही नेमक्या वेळी ओढलेली दोरी आहे. त्याने दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तल्लख होते.

इटलीतले लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि ही यंत्रणा सुधारली. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांतही संथ श्वासाने ती सुधारते, हे त्यांनीच पुढच्या वर्षी दाखवलं. माझ्याकडे येणाऱ्या आजींना सेकंद मोजायला सांगितलं तर त्या गोंधळतात. मग मी म्हणते, अभंगाचा एक चरण एका दमात म्हणा, घाई नको. म्हणताना श्वास बाहेरच जात असतो, तो लांबतो, आणि पुढचा आपोआप पोटातून येतो. बीपीच्या माणसाला यातून मिळणारा उतार थोडका असतो, तो गोळीची जागा घेत नाही. गोळी चालूच ठेवा.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले ते. संथ श्वासाच्या फायद्यापेक्षा कोंडलेल्या श्वासाचा तोटा मी जास्त वेळा पाहिलाय.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एसटीतले एक निवृत्त कंडक्टर काका होते. बायपासनंतरचा पाचवा दिवस. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं, तीन बॉलचं स्पायरोमीटर (खोल श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) ओढायचं, सगळं ते मन लावून करत. पण वेदनेच्या गोळ्यांमुळे पोट साफ होत नव्हतं, आणि लाजेपायी ते बोलले नाहीत. पहाटे संडासात खूप कुंथले. उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराची कडी धरली म्हणून डोकं आपटलं नाही. सिस्टरने हाक मारली तेव्हा मी नुकतीच वॉर्डात शिरले होते. त्यांचं मनगट थंडगार, घामाने ओलं, आणि नाडी इतकी बारीक की मला मानेवर शोधावी लागली. पाय उंच करून झोपवल्यावर दोनेक मिनिटांत ती भरून आली. स्पायरोमीटरबद्दल मी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं. कुंथण्याबद्दल एकदाही नाही. ते मला आजही लागतं.

त्या संडासात काय झालं ते बघा. श्वास कोंडून जोर लावला की छातीतली ओढ संपते आणि उलट दाब तयार होतो. शिरांमधून परत येणारं रक्त छातीच्या दाराशी अडतं. पहिल्या क्षणी बीपी उसळतं, मग हृदयाला रक्तच कमी मिळत असल्याने ते घसरतं आणि नाडी धावू लागते. जोर सोडला की आणखी एक घसरण, आणि मग अडलेलं रक्त लोंढ्यासारखं येऊन बीपी एकदम वर. हे सगळं अर्ध्या मिनिटात. तरणंताठं हृदय हे झेलतं. टाके ओले असलेलं, कमजोर किंवा बीपीने जाड झालेलं हृदय झेलेलच असं नाही. याला वैद्यकात इटलीच्या आंतोनिओ वाल्साल्वा यांचं नाव आहे. १७०४ मध्ये कानावर लिहिताना त्यांनी ही क्रिया सांगितली होती.

योगी हृदय थांबवतात अशा गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन त्यासाठी भारतात आली होती. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीच्या एम्सचे आनंद यांनी असा दावा असलेल्या योग्यांची नीट तपासणी केली आणि १९६१ मध्ये ती छापली. मनगटावरची नाडी मालवल्यासारखी व्हायची, छातीला लावलेल्या स्टेथोस्कोपमधले ठोकेही हरवायचे, पण ईसीजीवर हृदय धडधडत असायचं. श्वास कोंडून आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून त्यांनी हृदयाकडे येणारं रक्तच अडवलेलं असे. वर्षानुवर्षांच्या साधनेने ते जे जाणूनबुजून करत, तेच काकांच्या बाबतीत नकळत झालं.

त्यामुळे तुम्हाला माझं कळकळीचं सांगणं: जोर लावताना श्वास सोडा. गॅसचा सिलिंडर सरकवताना, पाण्याची बादली उचलताना, जमिनीवरून उठताना तोंडाने ‘फू’ करत उठा. जिना चढताना दोन पायऱ्यांना घ्या, तीन पायऱ्यांना सोडा. बद्धकोष्ठ असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. अनुलोम-विलोम जरूर करा, पण बीपी असताना लांब कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. चार सेकंद घेणं आणि सहा सेकंद सोडणं पुरे, पाच ते दहा मिनिटं. कान गरम झाले किंवा डोकं जड वाटलं तर थांबायचं.

जोरजोरात, भराभर श्वास घेण्याचे प्रकार तुम्ही सध्या टाळलेले बरे. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त उडून जातो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, चक्कर, छातीत धडधड होते. लोकांना वाटतं शक्ती जागी झाली. खरं तर त्या वेळी मेंदूला रक्त कमी मिळत असतं.

एक रात्रीचं विचारते. घोरता का? घरच्यांना विचारा, मधेच घोरणं थांबून काही सेकंदांनी दचकल्यासारखा श्वास येतो का. तसं असेल तर घसा मिटलेला असताना छाती आतून ओढत राहते, बंद बाटली तोंडाने ओढावी तशी. ऑक्सिजन उतरतो, हृदयावर ताण येतो, आणि रात्रभर बीपी उसळत राहतं. गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही अशा कितीतरी लोकांत हे सापडतं. त्याची झोपेतली तपासणी होते आणि उपायही आहेत.

आणि नाडी धोक्याची केव्हा समजायची? तुमची लय श्वासाच्या तालावर आहे. श्वास काही क्षण सहज थांबवला की ती सरळ व्हायला हवी. श्वासाशी काहीही नातं नसलेली, कशीही वेडीवाकडी नाडी असेल, किंवा चक्कर, छातीत दुखणं, चालताना नेहमीपेक्षा लवकर दम लागणं, रात्री आडवं पडल्यावर गुदमरून उठून बसावं लागणं, यातलं काहीही असेल तर उत्तराची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

नसेल, तरी एकदा ईसीजी काढाच, आणि काढणाऱ्याला एवढं सांगा: शेवटची पट्टी मिनिटभराची काढा, तेवढ्या वेळात मी सहा खोल श्वास घेतो. मधुमेह्यांच्या नसा तपासायची ही जुनी पद्धत आहे. श्वास घेतानाची सर्वात जलद आणि सोडतानाची सर्वात संथ नाडी यांत मिनिटाला १५ ठोक्यांचा किंवा जास्त फरक असेल तर उत्तम, १० किंवा त्याहून कमी असेल तर साखर आणि नसा तपासायच्या. पट्टी हातात आली की चष्मा लावून उंच टोकांमधली अंतरं बघा. काही ठिकाणी टोकं जवळ सरकलेली दिसतील, तिथे तुम्ही श्वास घेत होता. पुढे ती लांब गेलेली दिसतील, तिथे सोडत होता.