विरोधी बाकांवरचा अर्थविचार : मधु दंडवते यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोकण रेल्वे मधु दंडवते यांनी आणली, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. पण खासदार म्हणून त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी पक्षात गेली. खर्चाची तरतूद करणे सरकारच्या हाती असताना विरोधी खासदाराला हे श्रेय देणे कितपत योग्य आहे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : सारे श्रेय एकट्याला देणे योग्य नाही आणि स्वतः दंडवते यांनाही ते रुचले नसते. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनी या मार्गासाठी आयुष्य वेचले होते आणि 1957 पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणाऱ्या बॅरिस्टर नाथ पै यांनी ही मागणी लोकसभेत लावून धरली होती. नाथ पै यांचे जानेवारी 1971 मध्ये निधन झाल्यानंतर त्याच वर्षी दंडवते तेथून निवडून आले आणि ती निवडणूक धरून, काँग्रेसची लाट असलेल्या 1984 च्या निवडणुकीसह, सलग पाच वेळा त्यांनी ती जागा जिंकली. या वीस वर्षांतील जेमतेम साडेतीन वर्षे ते मंत्री होते. बाकीचा काळ विरोधी बाकांवर आणि आणीबाणीत तुरुंगात गेला.

आपला मूळ मुद्दा बरोबर आहे. राज्यघटनेच्या 113 व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींच्या, म्हणजे व्यवहारात सरकारच्या, शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी लोकसभेकडे मागायची रक्कम, मांडता येत नाही, त्यामुळे विरोधी सदस्याला खर्चात एक रुपयाचीही भर घालता येत नाही. त्याच्या हाती उरते ती चर्चा, प्रश्न आणि चिकाटी. रेल्वे अर्थसंकल्पाच्या निमित्ताने दरवर्षी हा विषय काढत राहणे याचा उपयोग एवढाच, की मंत्र्याला दरवर्षी नकाराचे कारण द्यावे लागते, आणि ती कारणे एकामागोमाग वाचली की खरी अडचण कोठे आहे ते कळू लागते.

ही अडचण पैशाची होती. दिवा-पनवेल मार्ग 1966 मध्ये आपट्यापर्यंत आला होता, पण रोह्याला गाडी पोहोचण्यास 1986 उजाडले. मधल्या काळात, 1977 ते 1979, दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते, तरीही त्यांना गाडी रत्नागिरीला नेता आली नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही ध्यानात घेतले पाहिजे. डोंगर, नद्या आणि बोगदे यांनी भरलेल्या या मार्गाचा खर्च रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून भागवायचा म्हटले, तर काम पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले असते. डिसेंबर 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, आणि तेव्हा उत्तर निघाले ते वेगळ्या दिशेने. हे काम वार्षिक तरतुदीच्या रांगेतून बाहेर काढून स्वतंत्र महामंडळाकडे देण्यात आले. जुलै 1990 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के वाटा होता. उरलेला मोठा पैसा रोख्यांतून उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. दंडवते तोवर लोकसभेत नव्हते. 1991 मध्ये राजापूरच्याच मतदारांनी त्यांना पराभूत केले होते. माझ्या मते त्यांचे श्रेय मागणी करण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक ते मागणीला पैशाच्या व्यवस्थेची जोड देण्यात आहे.

प्रश्न : वृत्तपत्रांत ‘कपात सूचना’ हा शब्द येतो. अर्थसंकल्पातून एक रुपया कमी करण्याची सूचना देऊन विरोधक नेमके काय साधतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लोकसभेच्या नियमांत कपातीचे तीन प्रकार आहेत. मागणीची रक्कम एक रुपयापर्यंत खाली आणावी अशी सूचना असेल, तर सदस्याला त्या खात्याचे धोरणच अमान्य आहे असा तिचा अर्थ होतो. म्हणजे एक रुपया कापायचा नसून एक रुपयाच ठेवायचा असतो. ठरावीक रक्कम वगळण्याची सूचना काटकसरीसाठी असते आणि शंभर रुपयांची कपात एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठी असते. आपल्या तालुक्यातील बंद पडलेले रेल्वेचे काम सभागृहापुढे आणायचे असेल, तर सदस्य हा तिसरा मार्ग धरतो.

ही सूचना सहसा मंजूर होत नाही, कारण तसे होणे हा सरकारवरील अविश्वास मानला जातो. एप्रिल 2010 मध्ये इंधन आणि खतांच्या दरवाढीविरुद्ध विरोधकांनी कपात सूचनांवर मतदान घडवून आणले, तेव्हा सरकारने 289 विरुद्ध 201 मतांनी बाजी मारली. मात्र कोणता पक्ष कोणाच्या पाठीशी आहे, हे त्या दिवशी देशाला दिसले. करांच्या बाबतीत विरोधकांना थोडी अधिक मोकळीक आहे. कर कमी करण्याची किंवा रद्द करण्याची दुरुस्ती मांडण्यासाठी 117 व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीची गरज लागत नाही; कर वाढवण्याची दुरुस्ती मात्र शिफारशीशिवाय मांडता येत नाही.

प्रश्न : विरोधात असताना करांविरुद्ध बोलणारे नेते सत्तेत आले की तेच कर लावतात. दंडवते याला अपवाद होते काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्णपणे नाही, कारण तूट असलेल्या तिजोरीचा अर्थमंत्री कोणालाही खूश करू शकत नाही. त्यांना एकच अर्थसंकल्प मांडता आला, तो मार्च 1990 मध्ये. त्यात त्यांनी प्राप्तिकराची सवलतमर्यादा 18 हजार रुपयांवरून 22 हजारांवर नेली आणि सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा केली. हा दुसरा निर्णय मला अधिक बोलका वाटतो. सोन्यावरील नियंत्रणे 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना आली आणि 1968 मध्ये त्यांचा कायदा झाला, तेव्हाही अर्थमंत्री तेच होते. त्याच मोरारजींच्या मंत्रिमंडळात पुढे दंडवते रेल्वेमंत्री झाले. म्हणजे आपल्याच जुन्या पंतप्रधानांचा कायदा त्यांनी मोडीत काढला. सोन्याची चोरटी आयात त्या कायद्याने थांबली नव्हती आणि कारागीर सोनारांना मात्र परवाने व नोंदवह्यांचा जाच झाला होता. एका समाजवादी अर्थमंत्र्याने नियंत्रण उठवावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले; पण परिणाम पाहून कायदा जोखणे ही भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची सवय असावी. राजकारणात पूर्णवेळ येण्यापूर्वी ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात तोच विषय शिकवीत.

रेल्वेत त्यांची सुसंगती अधिक स्पष्ट दिसते. मे 1974 च्या रेल्वे संपानंतर बडतर्फ झालेल्या कामगारांची बाजू त्यांनी विरोधात असताना घेतली होती आणि मंत्री झाल्यावर त्यांना कामावर परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवण्याची सुरुवातही त्यांचीच, आणि हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस डिसेंबर 1977 मध्ये वर्गभेदाविना धावू लागली तीही त्यांच्याच काळात. वरचा वर्ग खाली ओढण्यापेक्षा खालचा वर उचलावा, असा तो विचार होता.

प्रश्न : स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाल्याने विरोधी सदस्यांचे काही नुकसान झाले काय? दंडवते यांची भाषणे आता कोठे वाचता येतील?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर 1924 मध्ये रेल्वेचा हिशेब वेगळा झाला आणि 2017 मध्ये तो पुन्हा सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला. स्वतंत्र सादरीकरणामुळे केवळ रेल्वेवरच सर्वसाधारण चर्चेचे काही दिवस हमखास मिळत आणि लहान मतदारसंघाचा खासदारही आपल्या स्थानकाविषयी बोलून घेई. आता रेल्वेच्या मागण्यांवर स्वतंत्र चर्चा होणे कामकाजाच्या वाटपावर अवलंबून असते, आणि मुदत संपली की अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. नव्या गाड्यांच्या घोषणांचा वार्षिक सोहळा थांबला हे बरेच झाले, पण चर्चेचे दिवस गेले ही हानीच आहे. 1993 पासून खातेनिहाय स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात, मात्र त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात.

लोकसभेच्या जुन्या चर्चांचे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य उपलब्ध आहेत. दंडवते यांच्या भाषणांसाठी 1971 ते 1977 आणि 1980 ते 1989 या काळातील फेब्रुवारी ते मे महिन्यांचे खंड आधी काढावेत. रेल्वे आणि वित्त विधेयकावरील चर्चा बहुतेक तेथेच सापडतील.