परतीच्या दिवसापासून मोजायला लाग

जानेवारी २०२२

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौघी मैत्रिणी, मार्चमध्ये नऊ दिवस परदेशात, तिकिटं सध्या स्वस्त आणि आगाऊ रक्कम पुढच्या आठवड्यात भरायची. "जावं की नाही?" एवढंच तू विचारलं आहेस. नुसतं हो किंवा नको म्हणून मोकळं होणं तुझ्या कामाचं नाही, कारण मार्चपर्यंत कोविडचे प्रवासाचे नियम दोनतीनदा तरी बदलतील. तेव्हा निर्णय कसा घ्यायचा ते लिहितो. तो तुम्ही चौघींनी मिळून घ्या.

सगळे जण तयारी जायच्या दिवसापासून सुरू करतात, आणि खरी गोम असते परतीत. निघण्याआधीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर तू आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर असतेस. पैसे बुडतात, वाईट वाटतं, पण प्रश्न तिथे संपतो. तीच चाचणी परतीच्या आदल्या दिवशी पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्याच दिवशी खोली सोडायची असते, विमान कंपनी तुला घेणार नसते आणि तिथला नियम तुला बाहेर पडू देणार नसतो. म्हणून एक कागद घे, त्यावर परतीची तारीख लिही आणि तिथून पुढे १४ चौकोन आखून ठेव. विलगीकरण कुठे ५ दिवसांचं आहे, कुठे ७, कुठे १० किंवा त्याहून जास्त. ते संपल्यावर लगेच विमानात जागा मिळेल असंही नाही, त्यात आणखी दोनतीन दिवस जातात. हे १४ दिवस तू कुठे राहशील, जेवण दाराशी कोण आणून देईल, भाडं कोण भरेल, नोकरीवर काय सांगशील, घरी तुझ्यावर अवलंबून असलेल्यांचं कोण पाहील, ते चौकोनांखाली लिही. एखादा प्रश्न रिकामा राहिला तर तो भरेपर्यंत पैसे भरू नकोस.

जिथे उतरणार आहात त्या हॉटेलला आत्ताच लेखी विचार: पाहुणा पॉझिटिव्ह निघाला तर त्याच खोलीत ठेवता का? काही ठिकाणी ठेवतात, काही ठिकाणी सरकारने ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी हलवतात, आणि तिथलं भाडं, स्वयंपाकघर, खिडकी यांतलं काहीच तुझ्या हातात नसतं. उत्तर फोनवर घेऊ नकोस, मेलवर माग.

चौघी आहात म्हणून हिशेबही चौघींचा हवा. समजा, त्या नऊ दिवसांत प्रत्येकीला लागण होण्याची शक्यता २० मध्ये १ आहे. एकीपुरती ती किरकोळ वाटते. पण चौघींपैकी निदान एकीला लागण होण्याची शक्यता जवळजवळ ५ मध्ये १ होते. आणि एकीला झाली की बाकी तिघी निकट संपर्कात येतात, विशेषतः एका खोलीत दोघी झोपत असतील तर. एक जण अडकली तर तिच्याजवळ कोण थांबणार, हे निघण्याआधी ठरवा. तिथे, रिपोर्ट हातात असताना ठरवायला बसलात तर मैत्री तुटते.

पैशाचा निकष मी असा लावतो: सहलीचा खर्च, अधिक १४ दिवसांचं राहणं-जेवण, अधिक परतीचं एक नवं एकेरी तिकीट, अधिक प्रत्येकी दोन जादा चाचण्या. ही बेरीज कर्ज न काढता पेलत असेल तरच पुढचा विचार कर. निम्मी सहल परवडते म्हणून निघालेल्याला उरलेली निम्मी तिथे गळ्यात पडते.

आता एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते आणि जी बरी झालेल्या माणसालाही अडकवते. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय पदार्थाचे तुकडे शोधते, तो विषाणू जिवंत आहे का हे ती सांगत नाही. त्यामुळे माणूस ठणठणीत बरा झाल्यावरही ही चाचणी काही आठवडे, कधी ९० दिवसांपर्यंतसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्यापैकी कुणाला डिसेंबरात किंवा या महिन्यात कोविड झाला असेल, तर मार्चमधली पीसीआर तिला अडवू शकते. अशांसाठी काही देशांनी वेगळी वाट ठेवली आहे. अमेरिका ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासास हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र एकत्र दाखवलं तर चालवून घेते. युरोपीय संघाचा बरे झाल्याचा दाखला पॉझिटिव्ह चाचणीनंतर ११ व्या दिवसापासून १८० व्या दिवसापर्यंत चालतो. पण यासाठी मूळ पॉझिटिव्ह रिपोर्ट प्रयोगशाळेचा लागतो. घरच्या किटवर दोन रेघा आल्या आणि फोटो काढून ठेवला, तो कामाचा नाही. ज्यांना नुकतंच होऊन गेलं आहे त्यांनी शक्यतो अँटिजेन (विषाणूची प्रथिनं शोधणारी झटपट) चाचणी मान्य करणारा देश निवडावा.

सीमा किती पटकन बंद होतात हे तू नोव्हेंबरात पाहिलंच आहेस. दक्षिण आफ्रिकेने नवा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेला २४ नोव्हेंबरला कळवला, २६ ला त्याचं ओमिक्रॉन असं नाव ठरलं, २९ पासून मोरोक्कोने येणारी सगळी प्रवासी विमानं थांबवली आणि ३० ला जपानने परदेशी नागरिकांना दार लावलं. आठवडाही नाही. त्याआधी २०२० च्या जुलैमध्ये ब्रिटनने स्पेनहून येणाऱ्यांवर विलगीकरण लावलं, तेव्हा जाहीर करणं आणि लागू होणं यांत काही तासच होते. तेव्हा "निघताना नियम बरे होते" याच्या भरवशावर राहू नकोस. ठिकाण निवडताना त्या देशाचं गेल्या दोन वर्षांतलं वागणं बघ. दार उघडं ठेवून चाचण्या वाढवणारे देश वेगळे आणि काही झालं की दारच लावून घेणारे देश वेगळे. पहिल्या गटात खर्च वाढतो, दुसऱ्यात माणूस अडकतो.

निगेटिव्ह रिपोर्टकडेही डोळस नजरेने पाहा. २६ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेहून अॅमस्टरडॅमला दोन विमानं आली. त्यांतल्या सुमारे ६०० प्रवाशांची तिथे चाचणी झाली आणि ६१ जण पॉझिटिव्ह निघाले. लागण झाल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत चाचणीत काहीच सापडत नाही. ७२ तासांपूर्वीचा रिपोर्ट हा ७२ तासांपूर्वीचाच फोटो असतो.

त्या ७२ तासांवरच विमानतळावर सगळ्यात जास्त घोडं अडतं, म्हणून जरा बारकाईने सांगतो. तास नमुना घेतल्यापासून मोजतात, रिपोर्ट हाती आल्यापासून नाही. आणि ते कुठवर मोजायचे हे देशागणिक बदलतं: कुठे पहिल्या विमानाच्या सुटण्यापर्यंत, कुठे शेवटच्या टप्प्याच्या सुटण्यापर्यंत, कुठे तिथे उतरेपर्यंत. समज, विमान शुक्रवारी रात्री ११ ला सुटतं आणि इथल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी सकाळी १० ला उतरतं. बुधवारी सकाळी ८ ला नमुना दिलास तर सुटताना ६३ तास झालेले असतात, उतरताना ७४. पहिल्या नियमात बसलीस, तिसऱ्यात बाद. गुरुवारी सकाळी ८ ला दिलास तर उतरताना ५० तास होतात. विमान १२ तास रखडलं तरी ६२ च. रिपोर्ट २४ तासांनी आला तरी हातात १५ तास उरतात, म्हणजे तो "अनिर्णित" आला तर दुसरा नमुना द्यायला वेळ आहे. म्हणून माझा नेम असा, की सुटण्याच्या साधारण ३६ ते ४० तास आधी नमुना द्यावा आणि मधे प्रयोगशाळेची सुट्टी येईल असा वार निवडू नये. अमेरिकेने ६ डिसेंबरपासून तास सोडून "एक दिवस आधी" असा नियम केला आहे. शुक्रवारचं विमान असेल तर गुरुवारी केव्हाही. तिथे हेच गणित वेगळं मांडावं लागतं.

रिपोर्ट आला की घरी न जाता तिथेच उभी राहून वाच. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने. जन्मतारीख. पासपोर्ट क्रमांक. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, दोन्ही. चाचणीचा प्रकार स्पष्ट शब्दांत. प्रयोगशाळेचं नाव आणि स्कॅन होणारा क्यूआर कोड. भाषा त्या देशाला चालणारी. नावातलं एक अक्षर चुकलं तर काउंटरवरची व्यक्ती ते दुरुस्त करू शकत नाही, प्रयोगशाळाच करू शकते, आणि ती रात्री ९ ला बंद असते. एक प्रत कागदावर ठेव, कारण फोनची बॅटरी रांगेतच संपते. विमान मधे कुठे थांबणार असेल तर त्या देशाचाही नियम तपास, नुसतं विमान बदलायचं असलं तरी.

लसीच्या बाबतीत दोनच गोष्टी बघ. शेवटच्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले हवेत, आणि डोस फार जुना नको. युरोपीय संघात १ फेब्रुवारीपासून लसीच्या मूळ डोसांचा दाखला, बूस्टर नसेल तर, २७० दिवसच चालणार आहे. तुमच्या डोसच्या तारखा मार्चअखेरपर्यंत मोजून बघा.

तिकीट शक्यतो थेट विमानाचं घे. थेट नसेल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून घेतलीस आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या कंपनीची तुझ्याबद्दल काहीच जबाबदारी राहत नाही. "रद्द केल्यास परतावा" या शब्दांवर थांब आणि विचार: पैसे खात्यात येणार की पुढच्या प्रवासासाठीचं व्हाउचर मिळणार? व्हाउचरला मुदत असते.

विमा हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा भाग आहे. साथ आता माहीत असलेली घटना आहे, त्यामुळे बऱ्याच पॉलिसी तिच्यामुळे झालेलं नुकसान वगळतात. प्रत्येक पॉलिसीत पाच गोष्टी शोध. कोविडवरचा उपचार भरतात का. तू आजारी नसताना केवळ संपर्कामुळे डांबलं तर राहण्याचा खर्च देतात का. मुक्काम लांबला तर विम्याची मुदत आपोआप वाढते का. रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च किती रकमेपर्यंत. आणि सरकारने "त्या देशात जाऊ नका" असा इशारा दिल्यावर पॉलिसी चालू राहते की रद्द होते. पुष्कळदा ती रद्दच होते, आणि ही ओळ शेवटच्या पानावर असते. "भीती वाटते म्हणून जात नाही" हे कारण साध्या विम्यात चालत नाही. कोणत्याही कारणासाठी रद्द करता येणारं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही पूर्ण रक्कम परत मिळत नाही.

आतापर्यंत तुझ्या सोयीचं लिहिलं. आता दुसऱ्यांचं. जिथे जाणार तिथल्या रुग्णालयांत जागा आहे का? छोटं बेट असेल, डोंगरातलं गाव असेल, तर अतिदक्षता विभागाच्या खाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. तू तरुण आहेस, तुला सौम्यच होईल बहुधा. पण तुझी खोली झाडणारी, तुला नाश्ता वाढणारी बाई कदाचित साठीची असेल. तिचं पोट पर्यटकांवर चालतं हेही खरं आहे, म्हणून जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. तिथे लाट चढती असेल तर मात्र जाऊ नये, उतरती असेल तर जावं. रोजचा आकडा फसवा असतो, कारण चाचण्या कमी झाल्या की तोही कमी होतो. दाखल रुग्णांचा दोन आठवड्यांचा कल बघ. आणि घरी केमोथेरपी चालू असलेलं, प्रत्यारोपण झालेलं किंवा खूप वयस्कर कुणी असेल आणि परतल्यावर तुला आठवडाभर वेगळं राहायला जागा नसेल, तर या मार्चपुरतं माझं उत्तर नको असंच आहे.

जायचं ठरलं तर निघण्याआधीचे सात दिवस जप. पुष्कळ सहली मोडतात त्या निरोपाच्या जेवणामुळे. ओमिक्रॉन साधारण तीन दिवसांत लक्षणं दाखवतो, म्हणजे शेवटच्या शनिवारची मेजवानी बुधवारच्या चाचणीत सापडते. प्रवासात विमानाची हवा लोकांना वाटते तेवढी वाईट नसते. तिथले हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात आणि उड्डाणात केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. धोका असतो तो रांगेत, बसमध्ये, दार उघडायची वाट पाहत ताटकळलेल्या विमानात, आणि जेवणाच्या ट्रे येतात त्या अर्ध्या तासात, जेव्हा सगळे एकाच वेळी मास्क काढतात. तेव्हा तू मास्क ठेव. शेजारचे जेवून मास्क लावतील, मग खा. एन-९५ नाकावर दाबून बसव. जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर हवा कडेने गळते आहे, तो मास्क तोंडावर नुसता टांगलेला आहे असं समज.

निर्णयाच्या तारखाही आत्ताच ठरवा, कारण ऐन वेळी प्रत्येकीचं मन "एवढे पैसे भरलेत" याच बाजूला झुकतं. निघण्याआधी ३० दिवस: प्रवेशाचे नियम, विमा, हॉटेलचं लेखी उत्तर. १४ दिवस: दाखल रुग्णांचा कल, आणि फुकट रद्द करायची शेवटची तारीख. ३ दिवस: चौघींची तब्येत. एकीला घसा धरल्यासारखा वाटला तरी तिने सांगायचं, आणि ती गेली नाही तर तिचे बुडालेले पैसे चौघींनी वाटून घ्यायचे. हे आधी ठरलेलं असेल तरच ती खरं सांगेल.

त्या १४ चौकोनांचा कागद भरून झाला की आगाऊ रक्कम भरण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. रिकामे चौकोन असतील तर तसेच पाठव, आपण मिळून बघू.