दोन हजार छापील डबे आणि मोडायला काढलेली एफडी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या घरी फ्लाय बांधतात. फ्लाय म्हणजे गरीवर (मासे धरायच्या आकड्यावर) कोंबड्याची पिसं, बकरीचे केस आणि थोडी चमकी दोऱ्याने आवळून केलेलं खोटं आमिष. खाडीवर जिताडा, तांबोशी गरवायला जाणारे हौशी लोक ते विकत घेतात. सहाचा संच ५४० रुपयांना आणि महिन्याला साधारण ३५ पार्सलं. आतापर्यंत पाच रुपयांच्या बबलच्या पाकिटातून माल जात होता. वर्षभरात १७ तक्रारी आल्या. बहुतेकांची पिसं चेपलेली होती, आणि एकदा गरीचं टोक पाकीट फोडून पोस्टमनच्या बोटात घुसलं. आता एक पुरवठादार चुंबकाच्या झाकणाचे, नाव छापलेले पुठ्ठ्याचे डबे ३८ रुपयांनी द्यायला तयार आहे, पण किमान २,००० घ्यायला हवेत. म्हणजे ७६,००० रुपये. त्यासाठी एक लाखाची एफडी मोडू का, असं ताई विचारतात. मुदत संपायला दहा महिने आहेत. यजमान ट्रॉलरवर खलाशी असल्याचं त्यांनी अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. माझ्यासाठी पत्र तिथूनच सुरू होतं.

ताई, नका मोडू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलर किनाऱ्याला आणि पगार बंद. तुमची ही एफडी म्हणजे घरची आगोट आहे. मे महिन्यात आपण मिरच्या, कोकमं, सुकी मासळी भरून ठेवतो, तसेच हे पैसे. आगोटीचं सामान विकून कोणी शोभेचे डबे घेत नाही. शिवाय मुदतीआधी मोडलीत तर बँक ठरलेला दर देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांचा दर लावते आणि बहुधा त्यातून अर्धा ते एक टक्का कापते.

आता डब्यांचा हिशेब. महिन्याला ३५ म्हणजे वर्षाला ४२० पार्सलं. दोन हजार डबे संपायला पावणेपाच वर्षं लागतील. एवढ्या काळात किमान चार पावसाळे जातील, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याचं काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू! पुठ्ठा फुगणार, कडांना बुरशी धरणार, चुंबकावर गंज चढणार. माझ्या मामाने एकदा आंब्याच्या तीन हजार पेट्या फोन नंबरासकट छापून घेतल्या. दुसऱ्या वर्षी नंबर बदलला. उरलेल्या पेट्यांत अजून कांदे-बटाटे असतात.

पण मला जास्त खटकतंय ते वजन. तुम्ही चाचणी म्हणून एक डबा पाठवलात, त्याचं वजन २१० ग्रॅम भरलं आणि टपाल ५८ वरून ८४ रुपयांवर गेलं. सहा फ्लायचं वजन मूठभर चुरमुऱ्यांएवढंसुद्धा नसेल. पोस्टाला पैसे जाणार ते डब्याचे. टपालाचे २६ आणि पाकिटापेक्षा महाग डब्याचे ३३ असे पार्सलमागे ५९ रुपये वाढतात. वर्षाला २४,७८०.

त्याबदल्यात वाचतं किती? तक्रार आली की तुम्ही नवा संच पाठवता. सामान १३० रुपये, टपाल ५८, पाकीट पाच, आणि तुमचे दोन तास. तासाला मी १५० रुपये धरलेत. (तुम्ही काहीच धरलेले नाहीत. घरात बसून केलेल्या कामाला मजुरी नसते, हे बायकांना कोणी शिकवलं कोण जाणे.) एका तक्रारीचा खर्च ४९३ रुपये, सतरांचा मिळून ८,३८१. एकही तक्रार आली नाही असं धरलं तरी साडेआठ हजार वाचवायला पंचवीस हजार घालणार. हे गणित मला तरी जमत नाही.

पॅकिंग मात्र बदलायलाच हवं. बबलचं पाकीट दाबलं की दबतं, त्यावर ठप्पा बसला की आतल्या पिसांचं भजं. तीन पदरी पुठ्ठ्याची लहान चपटी पेटी घ्या, पिसांच्या वर अर्धा इंच मोकळी जागा राहील एवढी उंच. तळाला शाळेच्या हस्तकलेला लागते त्या फोमची पट्टी चिकटवा. फोम एवढा जाड हवा की गरीचं टोक पूर्ण आत बुडेल. एक फ्लाय उजवीकडे तोंड करून, पुढची डावीकडे, म्हणजे पिसं एकमेकांत अडकणार नाहीत. बांधणीवरचं वॉर्निश वाळायला पूर्ण दिवस द्या, पावसात दोन. ओल आत कोंडली तर गरी वाटेतच गंजते, म्हणून सिलिका जेलची एक पुडी टाका. हे सगळं १४ रुपयांत बसतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ते ५० ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे टपाल ५८ च राहील. पाकिटापेक्षा पार्सलमागे नऊ रुपये जास्त, म्हणजे वर्षाचा जादा खर्च ३,७८०. तक्रारी निम्म्या झाल्या तरी तो भरून निघतो.

सोबत एक चिठ्ठी घाला: पिसं चेपली असतील तर फ्लाय चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर काही सेकंद फिरवा. पिसं पुन्हा उभी राहतात. चिठ्ठीच्या छपाईला रुपयाही लागत नाही, पण बऱ्याच तक्रारी तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

रजिस्टरने स्वस्तात पाठवेन असंही तुम्ही लिहिलंय. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा तो बेत सोडा.

थोडे पैसे खर्च करायचेच असतील, तर ते सीएकडे करा. तुमचे गिऱ्हाईक बंगळुरू आणि गोव्यातही आहेत. राज्याबाहेर माल विकला की जीएसटी नोंदणी लागते. चाळीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी नको, ही सवलत तिथे चालत नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडचा, गोव्यातला माणूस तुमच्या घरातून दिसत असेल, पण कायद्याला तो परराज्यातलाच. यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, मात्र हाताने बांधली म्हणून फ्लाय आपोआप त्यात जात नाही. नोंदणीला सरकारी शुल्क नाही, पण विवरणपत्र चुकलं की दिवसागणिक दंड चढतो, म्हणून सीएची फी आतापासूनच किमतीत धरा. ५४० चे ५७० केलेत तर गिऱ्हाईक पळणार नाही.

आणि डोंगराकडचे लोक रानकोंबड्याची पिसं आणून देतात म्हणता, ती घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण आहे. गावठी कोंबड्याची पिसं पुरेत.

पुरवठादाराला सरळ नाही म्हणायचं जिवावर येत असेल, तर दिवाळीच्या भेटसंचासाठी विनाछपाईचे पन्नास डबे मागा आणि त्या संचाची किंमत शंभर रुपयांनी जास्त ठेवा. ५० देत नसेल, तर मालवणात किंवा कुडाळात पुठ्ठ्याच्या पेट्या करणाऱ्याकडे एकदा चौकशी करून बघा.