वडिलांचं बंद पडलेलं एचएमटी घड्याळ दुरुस्त करताना नव्यासारखं करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं चावीचं एचएमटी जनता कपाटात सापडलं, वीसेक वर्षं बंद आहे, डायल पिवळी पडलीय आणि दुकानदार म्हणतोय, "डायलसकट नवंकोरं करून देतो." माझं ऐकाल तर मशीनचं काम पूर्ण करून घ्या, डायलला मात्र हात लावू देऊ नका. मी माझ्या वडिलांची, तात्यांची, डायल घालवून बसलोय, म्हणून सांगतो.

तात्या साखर कारखान्यात शिफ्टला होते. पाइपांना घासू नये म्हणून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. काच त्यामुळे शाबूत राहिली, पण चावीच्या बाजूनं घाम शिरून तीनच्या आकड्याजवळ चहा सांडल्यासारखा डाग पडला होता. ते गेल्यावर मी घड्याळ शहरातल्या एका दुकानात नेलं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणालो, "नव्यासारखं करा." केलंही त्यांनी. पांढरीशुभ्र डायल, चकचकीत काटे. आईनं हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यांचं कुठाय?" जुनी डायल मागायला परत गेलो तर ती कचऱ्यात गेलेली. वर तीन महिन्यांत घड्याळ बंद, कारण मशीन त्यांनी सुटं केलंच नव्हतं, नुसते तेलाचे थेंब सोडले होते.

दुसरे घड्याळजी वयस्कर होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला समजावलं. जुनं तेल सुकून चिकट होतं, त्यात धातूची बारीक भुकटी मिसळते. त्यावर नवं तेल सोडलं की तीच भुकटी चाकांच्या टोकांना कानशीसारखी घासत राहते. म्हणून मशीन पूर्ण सुटं करून, धुऊन, प्रत्येक ठिकाणी मोजकं तेल द्यायचं. याला खरी सर्व्हिसिंग म्हणायचं. तुम्ही दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "पूर्ण सुटं करणार का?" उत्तर देताना समोरचा चाचरला तर घड्याळ खिशात घालून निघा.

तोपर्यंत चालतंय का बघायला रोज चावी देत बसू नका. सुक्या मशीनची झीज तेवढ्यानंही होते. "जास्त चावी दिली म्हणून बिघडलं" असं घरोघरी ऐकू येतं, पण बहुतेक वेळा स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असते आणि सुकलेल्या तेलामुळे चाकं हलत नाहीत, एवढंच असतं.

सुट्या भागांची काळजी करू नका. एचएमटीनं सिटिझनच्या साहाय्यानं बंगळुरूत 1961 साली घड्याळं करायला घेतली. 2016 मध्ये सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं, तरी तोवर ती इतकी खपली होती की मोडीतल्या घड्याळांतून भाग मिळतात. जनतामधलं 17 ज्वेलचं (झीज टाळणाऱ्या 17 बारीक खड्यांचं) 0231 मशीन एचएमटीच्याच पायलट या मॉडेलमध्येही आहे. या मुबलकपणाचाच एक उद्योग म्हणजे ऑनलाइन विकायला असलेली निळ्या-केशरी डायलची 'जुनी' एचएमटी. तसली डायल कंपनीतून आलेली असेलच असं धरून चालू नका.

काच प्लॅस्टिकची असते. बारीक ओरखडे मऊ फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन घरीच निघतात. तडा असेल तर काच खुशाल बदला, तिच्यात जीव अडकवू नका. केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीला, पॉलिश मात्र नको. बऱ्याच जनतांची केस क्रोम चढवलेली असते, घासली की खालचं पितळ दिसतं.

काम झाल्यावर टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळ किती मागेपुढे होतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर, लावून दाखवायला सांगा. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5. दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे झालं तरी या वयाला चालायचंच. एकदम पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकत्व उतरवून घ्या. स्पीकरशेजारी ठेवलं तरी हे होतं. पाण्याला जवळ करू नका, भांडी घासताना काढून ठेवा. मला सगळे मिळून बाराशे रुपये लागले, पट्टा वेगळा. काढलेला प्रत्येक भाग, अगदी मोडका स्क्रूसुद्धा, पुडीत बांधून परत मागा.

आणि मागचं झाकण उघडतील तेव्हा शेजारी उभे राहा. सर्व्हिसिंग केल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख कोरून ठेवायची पुष्कळ घड्याळजींची सवय असते. तात्यांच्या झाकणात सुईनं ओढलेल्या तीन तारखा निघाल्या, तिन्ही नोव्हेंबरच्या आधीच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या अगोदरच्या. चौथी त्या घड्याळजींनी माझ्यासमोर कोरली.