मातीच्या थरांवरून प्राचीन वसाहतीचा इतिहास कसा कळतो?

थर जागचे हलले नसतील, तर खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो, हा या पद्धतीचा पाया आहे. मात्र उंदरांची बिळे, झाडांची मुळे आणि नंतरच्या लोकांनी खणलेले खड्डे हा क्रम बिघडवतात. म्हणून एखाद्या खापराचा काळ ठरवण्याआधी ते ज्या थरात सापडले तो अबाधित आहे का, हे तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

थराचा रंग, कणांचा आकार आणि रासायनिक घटक पुष्कळ काही सांगतात. राख व कोळसा चुलीची किंवा आगीची, बारीक गाळ पुराची, तर फॉस्फेटचे (मलमूत्र, हाडे यांतून मातीत उतरणाऱ्या फॉस्फरसच्या क्षाराचे) वाढलेले प्रमाण माणसांच्या आणि जनावरांच्या वावराची खूण असू शकते. तुर्कस्तानातील चाताल्ह्युयुक या प्राचीन वसाहतीच्या जागी सुमारे २१ मीटर उंचीच्या टेकाडात एकावर एक बांधलेल्या घरांचे अनेक स्तर मिळाले असून, भिंतींवरील गिलाव्याच्या पातळ पापुद्र्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केल्यावर ती घरे पुन्हा पुन्हा लिंपली जात होती, असे दिसते.

थरांचा क्रम केवळ आधी काय आणि नंतर काय एवढेच सांगतो. प्रत्यक्ष काळासाठी त्याच थरातील कोळसा, धान्य किंवा हाडे यांचे कार्बन-१४ मापन (सजीव मेल्यानंतर त्यातील किरणोत्सारी कार्बन किती घटला, यावरून वय काढणे) करतात, आणि ते साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच उपयोगी पडते.