‘ओपन’ शिकवताना

चिनी विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच इंग्रजी शिकवतोयस, तर ‘ओपन’ या शब्दाला एक अख्खा तास दे. ते ‘ओपन द लाइट’ म्हणतील. लगेच चूक म्हणून खोडू नकोस. त्यांच्या भाषेत ‘खाय’ हे एकच क्रियापद दार उघडायला, दिवा लावायला, गाडी चालवायला आणि बैठक घ्यायलाही चालतं. इंग्रजीत दारापुरतं ‘ओपन’, दिव्याला ‘टर्न ऑन’, गाडीला ‘ड्राइव्ह’, बैठकीला ‘होल्ड’.

आपलंही तसंच आहे की! ‘दार लाव’ म्हटलं की दार बंद होतं आणि ‘दिवा लाव’ म्हटलं की उजेड पडतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

म्हणून सुटा शब्द पाठ करून घेऊ नकोस, जोडी दे: ‘ओपन द विंडो’, ‘टर्न ऑन द फॅन’. खोलीतल्या वस्तूंकडे बोट दाखवून बोलायला लाव.

खरी अडचण पुढे येते. दुकान उघडं असेल तर ‘ओपन’, बंद असेल तर मात्र ‘क्लोज्ड’. ‘क्लोज’ नाही आणि ‘ओपन्ड’ही नाही. इथे नियम शोधत बसू नकोस. दुकानावरच्या पाटीच्या दोन्ही बाजू दाखव, ती जोडी डोळ्यांतूनच पक्की बसते.